डावऱ्याचा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. हसू नका, भाजीचा नव्हे, पिण्याचा! उरुग्वेतल्या साल्तो गावी नेलिदाबाईंच्या कुंपणावर मी वाढलो. त्यांनी मला वाळवले, पोखरले, ओला पाला भरून मुरवले आणि तोंडाला चांदीची कड बसवून आणली. आमच्याकडे येर्बा नावाचा कडू हिरवा पाला माझ्यासारख्या भोपळ्यात भरतात, वर गरम पाणी ओततात आणि नळीने ओढतात. बैठकीत भोपळा एकच आणि ओतणाराही एकच. तो भरून देतो, रिकामा परत घेतो आणि पुढच्याला देतो. त्याने कुणालाही वगळायचे नसते.

नेलिदाबाईंचा मुलगा हेबेर. गाव त्याला डावऱ्या म्हणे, कारण त्याचा डावा पाय! काय सांगू तुम्हाला! आभाळातून येणारा चेंडू त्या पायावर असा टेके, जणू दमूनभागून घरीच आला आहे. मी बाकावर थर्मासशेजारी बसून ते पाहत राही. माझ्यातले पाणी निवून जाई, तरी कुणाला भान नसे.

डावऱ्याचा जिवलग मित्र वाल्तेर, म्हणजे जाड्या, आमच्या एस्त्रेया क्लबाचा गोलरक्षक. दोघे एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालेले. एस्त्रेया पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला आणि नेमके त्याच आठवड्यात इटलीतल्या एका क्लबाचे बोलावणे आले. लगेच निघून ये, नाहीतर आम्ही दुसरा बघतो, असा निरोप होता. डावऱ्या गेला. मी त्याच्या बॅगेत होतो. रविवारी एस्त्रेया एका गोलने हरला.

इटलीत मी जे पाहिले ते आठवले की आजही थक्क होतो. एका दुपारी मैदानावर दाट धुके उतरले होते. डावऱ्याने फ्री किक मारली. समोर उभ्या राहिलेल्या खेळाडूंच्या डोक्यावरून चेंडू वर गेला आणि धुक्यात नाहीसा झाला. पुन्हा दिसला तो थेट जाळ्यात. एवढे मोठे मैदान माणसांनी खचाखच भरलेले होते. मग जो जल्लोष झाला, त्याने बाक हादरला आणि मी खाली गडगडलो. प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षकही टाळ्या वाजवत होता. हा माझा मालक आहे, असे मला ओरडून सांगावेसे वाटले.

दरवर्षी जूनमध्ये, आमच्याकडच्या थंडीत, तो सुट्टीला घरी येई. एस्त्रेयाच्या मैदानाकडेला निलगिरीखाली जुने मित्र जमत. डावऱ्या ओतायला बसे. सगळे पीत, आणि मग जाड्याची पाळी येई.

"घे रे, जाड्या."

"पुढे दे."

"अरे, एक घोट तरी घे."

"तुझ्या इटलीवाल्यांना पाज. माझा हात रिकामा नाही."

हात तर गुडघ्यावर रिकामाच असे. बाकीचे खाली मान घालून बुटांकडे बघत. मित्रांनो, ज्या माणसासाठी परदेशातली माणसे उभी राहून टाळ्या वाजवत, त्याचा हात माझ्यासकट तसाच हवेत राही. तरी पुढच्या खेपेला तो मला पुन्हा जाड्यापुढे धरी. आपणच उडी मारून त्या जाड पंजात जाऊन बसावे, असे मला फार वाटे.

मग एका सामन्यात डावऱ्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण तो पुन्हा खेळू शकला नाही. त्या गडबडीत मी ओल्या पाल्यासकट बॅगेत बंद राहिलो. महिने गेले. मला बुरशी चढली. सुट्टीत घरी आलो की मला घासूनपुसून ठेवणाऱ्या नेलिदाबाईही तोवर देवाघरी गेल्या होत्या.

लंगडत गावी परतलेल्या डावऱ्याने मैदानावर बॅग उघडली, तेव्हा जाड्या तिथेच शेगडीवर मांस भाजत होता.

"शी! हा कसला वास रे?"

"राहून गेला आत. जाऊ दे, टाकून देतो," डावऱ्या म्हणाला आणि कचऱ्याच्या पिंपाकडे वळला.

"टाकून देतो? नेलिदामावशीचा भोपळा आहे तो, गाढवा! आण इकडे!"

आणि त्याने मला हिसकावून घेतले. तोच तो पंजा! भेगाळलेला, उबदार. त्याने चमच्याने मला आतून खरवडले, उकळत्या पाण्याने धुतले आणि शेगडीतला निखारा आत घोळवला. तोंडाचा पट्टा सुरूच होता. "पाय सोन्याचा, पण अक्कल शून्य!" मला चटके बसत होते, पण तक्रार कोण करतो!

उन्हात वाळवून त्याने नवी येर्बा भरली. पहिला सर्वांत कडू घोट ओतणाऱ्याने घ्यायचा असतो. तो जाड्याने घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले. मग मला पुन्हा भरून डावऱ्यापुढे धरले. डावऱ्याने मला दोन्ही हातांत घेतले.

"तो रविवारचा सामना आपण जिंकलो असतो," जाड्या म्हणाला.

"जिंकलो असतो."

"पी. निवतंय."

मित्रांनो, मला कधी ओल्या पाल्यासकट बंद करून ठेवू नका. रोज भरा, रोज रिकामा करा, आडवा ठेवून वाळवा. आणि बैठकीत कुणी रुसून बसला असेल, तर त्याच्यापुढेही मला धरा. तो नको म्हणेल. पुढच्या खेपेला पुन्हा धरा.