चार नंबरचं कलम

आमच्या घराचं छप्पर बदलायचं ठरलं तेव्हा तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले आणि तिघांनी तीन कोटेशनं धाडली. वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि नवऱ्याला पानभर काही वाचायचं म्हटलं की जांभया येतात.

सासरे सुतार. आयुष्यभर लोकांची कपाटं आणि खिडक्या केल्या. छप्पर मात्र एकच केलं, आमचं. वासे, पत्रे, खिळे, सगळं स्वतःच्या हाताने. सासूबाई होत्या तोवर घरात आलेल्या प्रत्येकाला मान वर करून ते बघावंच लागायचं. लग्नाची बोलणी करायला माझे वडील आले, तर त्यांनाही आधी छप्पर दाखवलं आणि मग पाणी दिलं.

पहिला कॉन्ट्रॅक्टर चकचकीत बूट घालून आला. अंगणातूनच मान तिरकी करून त्याने वर पाहिलं, "सोपं काम आहे, वहिनी," म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मोबाइलवर चार फोटो मागवले. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं! तिसरा बुटका आणि अबोल. स्वतःची शिडी घेऊन आला, दीड तास वर होता आणि उतरल्यावर चहालाही नको म्हणाला. मला तेव्हाच त्याचा राग आला.

त्याचं कोटेशन सगळ्यात महाग होतं. ते एक वेळ चाललं असतं, पण त्यातलं चौथं कलम चालण्यासारखं नव्हतं. लिहिलं होतं, "मूळ छप्पर चुकीचं घातलं आहे. पत्र्यांच्या जोडांची तोंडं वाऱ्याकडे ठेवल्यामुळे पाणी आत ढकललं जातं. जोडांखालचे वासे कुजले आहेत, बदलावे लागतील."

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून नेऊन दाखवलं. त्याने चक्क दोनदा वाचलं.

"बाबांना कळता कामा नये," तो म्हणाला. "खचतील ते."

झाकली मूठ सव्वा लाखाची, मलाही पटलं. चकचकीत बूटवाल्याला काम द्यायचं ठरवून आम्ही मोकळे झालो. कुजलेल्या वाशांवर नवे पत्रे बसणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण सासरे मला "पोरी" म्हणतात, आणि माझ्या माहेरीसुद्धा कुणी इतक्या मायेने हाक मारलेली नाही. त्यांचा चेहरा पडलेला मला बघवला नसता.

रविवारी सकाळी बाबांनी तिन्ही कोटेशनं मोठ्याने वाचायला लावली. पहिली दोन झाली. तिसऱ्यात मी चौथ्या कलमावरून अलगद उडी मारली.

"तीननंतर एकदम पाच?" बाबांनी विचारलं.

"त्याचा आकडा चुकलाय, बाबा."

"दीड तास वर बसलेला माणूस आकडे चुकत नाही. वाच."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपरात तोंड खुपसून बसला होता. ऐन वेळी शेपूट घालण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. मग मीच वाचायला घेतलं, जमेल तितक्या बारीक आवाजात.

"पोरी, मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कानात नाही. मोठ्याने."

वाचून झालं. बाबा थोडा वेळ गुडघे चोळत राहिले.

"यालाच काम द्या."

"अहो बाबा, तो सगळ्यात महाग आहे, आणि वर तुमच्या कामाला नावं ठेवतोय!"

"तिघांत हा एकटा वर चढला. चढला म्हणून त्याला दिसलं. बाकीचे दोघे माझीच चूक नव्या पत्र्यांत करून देतील."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शेवटचा पत्रा ठोकला त्याच दिवशी कळलं. वारा सुटला आणि जोडांतून शीळ वाजायला लागली. खाली तुझी सासू शेजारपाजारच्यांना गोळा करून कौतुकाने दाखवत होती. पत्रे पुन्हा उचकटायची ऐपत नव्हती, आणि वरून ओरडून चूक सांगायला जीभ रेटेना. मग दर वर्षी पावसाआधी चढून जोडांत डांबर भरत आलो. आता सहा वर्षं झाली, गुडघे चढू देत नाहीत. वारा सुटला की माझा डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही सगळे त्याच्याखाली झोपता."

मला रडूच आलं. आम्ही त्यांचा मान सांभाळत होतो आणि ते आमची डोकी.

मी तिसऱ्याला फोन लावला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"चौथं कलम बरोबर लिहिलंत. पण स्वयंपाकघरावरचा कोपरा राहिला. तिथे डांबराचा थर जाड आहे, वरून कळायचं नाही. मुलांच्या खोलीवरचा तिसरा वासाही काढून बघा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हो, मीच," बाबा म्हणाले. "मीच घातलं होतं."

नवऱ्याने पेपर केव्हाच खाली ठेवला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला वाटायचं, तुम्ही नुसती निगा राखताय. इतकी वर्षं हे एकट्याने ओढलंत, बाबा?"

"एकटा कुठे होतो?" बाबा म्हणाले. "खाली शिडी धरून तू असायचास की."