जांभळ्या रेघांची कादंबरी

मी एक जुनी, जाडजूड व्हॅम्पायरची कादंबरी आहे. माझ्यातल्या नायकाला नायिकेच्या खोलीत शिरून नेमकं काय मिळणार होतं, याचा हिशेब, मित्रांनो, आजवर एकट्या नीलिमाताईंनी मांडला. दोनशे वर्षं न संपलेलं तारुण्य त्याच्याकडे होतंच. टेकडीवर बंगला होता. भूक लागली तर जंगलात हरणं होती.

"मग या पोरीच्याच मागे का?" मला मांडीवर घेऊन त्या स्वतःशी पुटपुटल्या. "हिच्याकडे असं काय आहे, जे याला फुकटात हवंय?"

नीलिमाताई विमा कंपनीत दावे तपासतात. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच त्यांचा दिवस सुरू होतो. त्यातही एक न्याय आहे. दावा खरा निघाला, की कुरकूर न करता भरपाई द्यायची.

पण मी त्यांच्या हाती सरळ मार्गाने आले नाही. छापखान्यातून निघाले तेव्हा माझ्या मुखपृष्ठावर रक्ताचा ताजा थेंब चमकत होता. माझी पहिली वाचक एक मुलगी होती. तिने माझ्यावर नाव घातलं नाही, त्यामुळे ते मलाही ठाऊक नाही. आवडलेल्या वाक्यांखाली ती जांभळ्या शाईने रेघ ओढायची. 'रात्री खिडकी उघडी ठेव, मी येईन,' या वाक्याखाली तर दोनदा. मग एके दिवशी तिने मला मिटलं आणि पुन्हा उघडलं नाही. का, ते कळलं नाही. पुढे रद्दीतून मी मीरा रोड स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर येऊन पडले. शेजारी स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं होती. ती माझ्याकडे बघून अंग चोरायची.

तिथून मला दिव्याने उचललं, आणि मी स्टेशनजवळच्याच हाटकेश भागात, तिच्या घरी आले. दिव्या नीलिमाताईंची मुलगी, अकरावीत शिकणारी. भुताखेतांच्या कादंबऱ्यांवर तिचा भारी जीव. दर शनिवारी ती उत्तनला ॲन्ड्रिया या मैत्रिणीकडे जाते. तिथे ओटीवर पाच-सहा मुली जमतात आणि एकेका पुस्तकाबद्दल आपलं मत सांगतात. या शनिवारी दिव्या माझ्याबद्दल बोलणार होती. पहिल्यांदाच बोलणार होती. तोवर मी तिच्या कपाटात स्वेटरखाली होते, कारण माझं मुखपृष्ठ बघून आईने एकदा नाक मुरडलं होतं.

स्वेटरखाली काय आहे, हे नीलिमाताईंनी शोधून काढलंच. दिव्या कॉलेजला गेली, की त्या मला बाहेर काढत. आधी त्या नायकावर बिघडल्या. "दोनशे वर्षांचा घोडा, अजून अकरावीत. नापास होतोय का काय? आणि आधी हा मेलाय की जिवंत, ते ठरवा."

मग त्यांना त्या जांभळ्या रेघा दिसल्या. त्या उठल्या, दिव्याचं पेनस्टँड टेबलावर पालथं केलं, आणि त्यात एक जांभळं पेन सापडलं. झालं.

"कोणीतरी आहे," संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "खिडकीबिडकीच्या गोष्टी चालल्यात. उत्तन हा बहाणा."

"अगं, गोष्ट आहे ती," काशीनाथराव म्हणाले.

"सुरुवातीला गोष्टच असते. या शनिवारी उत्तन बंद."

दिव्या रडली नाही. "आई, दोन महिने ऐकत बसलेय मी. आता कुठे माझा नंबर आलाय," एवढंच म्हणाली. नीलिमाताईंनी क्षणभर विचार केला. "जा. पण मीही येणार."

मित्रांनो, त्या शनिवारी भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये मी त्या दोघींच्या मधे होते. नीलिमाताई प्रत्येक थांब्यावर चढणारी मुलं न्याहाळत होत्या.

ओटीवर मुलींखेरीज एकच पुरुष होता. ॲन्ड्रियाचे वडील बेनेडिक्ट, लसूण सोलत बसलेले. नीलिमाताईंनी त्यांनाही नीट बघून घेतलं.

दिव्या उभी राहिली. "हा हिरो झोपलेल्या मुलीकडे रात्रभर बघत बसतो, आणि लेखिका म्हणते हे प्रेम. मी त्याला वॉचमन म्हणेन, तोही पगाराशिवायचा. मला हा आवडत नाही. तरी ही पुस्तकं आवडतात, कारण यांत एक नियम असतो. कितीही ताकद असली तरी आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. माणसांना असा नियम कुठे असतो?"

"आणि लसूण," ॲन्ड्रियाने आठवण केली. "त्याला लसूण चालत नाही."

"मंग आमच्या घरी त्यो उपाशीच हाय," बेनेडिक्ट मान वर न करता म्हणाले.

हसू ओसरल्यावर दिव्याने मला उघडून सगळ्यांना दाखवलं. "ही गाडीवरची, सेकंड हँड. या रेघा आधीच्या कुणाच्या तरी आहेत. तिला भेटावंसं वाटतं. विचारावंसं वाटतं, उघडी ठेवलीस का गं खिडकी?"

नीलिमाताईंचा चेहरा मोकळा झाला. आणि मोकळं झालेलं माणूस बोलून जातं. "पण नियम लेखिकेनेच मोडलाय," त्या म्हणाल्या. "पंधराव्या प्रकरणात मावशी दार लावून घेते, आमंत्रण कुणीच देत नाही, तरी हा आत."

"काकू, तुम्ही माझ्यापुढे गेलात," ॲन्ड्रिया म्हणाली. "मी माझ्या प्रतीत अजून बाराव्यावरच आहे."

दिव्याने आईकडे बघत मला मिटलं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "स्वेटरखाली होतं ते पुस्तक."

"उन्हात घालायला काढले होते स्वेटर."

"जुलैत?"

नीलिमाताई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर पाऊस होता.

"तो निदान चौदा प्रकरणं तरी विचारून आत येतो, आई," दिव्या म्हणाली.

त्या दिवसापासून दिव्याने कपाटाला कुलूप लावलं. मी आत. गंमत अशी, की नीलिमाताईंची शेवटची दोन प्रकरणं राहिलेली. चार-पाच दिवस त्यांनी कळ काढली. मग एका संध्याकाळी दिव्याच्या दारावर टकटक ऐकू आली. दार उघडंच होतं.

"आत येऊ?"

"ये," दिव्या म्हणाली, पण आई पाठ करून उभी राहिल्यावरच तिने लपवलेली किल्ली काढून कुलूप उघडलं.

तर मित्रांनो, माझी पानं जपून उलटा, आणि कुणाच्या रेघा कुणाच्या नावावर घालण्याआधी त्या माणसाला विचारा. बाकी हिशेब सरळ आहे. नायकाला काही मिळालं नाही. दिव्याला तिचे शनिवार मिळाले. मला प्लास्टिकचं कव्हर मिळालं. जांभळ्या शाईच्या मुलीने काय गमावलं, त्याचा दावा कुणी दाखलच केला नाही. आणि दिव्याचा दावा खरा निघाला, म्हणून नीलिमाताई स्वतःच्याच घरात, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, 'आत येऊ?' असं विचारत रोज थोडी थोडी भरपाई देतात.