कैदेतला चष्म्याचा डबा

खोटं काहून बोलू, मले त्या सहदेवचा रागच येत होता. वीस वर्षांची दोस्ती, तरी राग. माणसानं इतकं सरळ असू नाई. त्याच्यासमोर आपण उगीचच वाकडे दिसतो.

आमच्या भांडणाले लोक हसतात. हसू द्या. हातात धरून खेळायच्या गेमच्या मशीनी असतात ना, जुन्या, आता कंपनीनं बनवणं बंद केलेल्या, त्यायचे आमी शौकीन. अमरावतीत आमी सात जण 'काळी'वाले. काळी म्हणजे लांबट, एका पडद्याची, काळी कुळकुळीत मशीन. अकोल्याकडचे सारे दोन पडद्यावाले. त्यायची मशीन मधातून मिटते, म्हणून आमी तिले चष्म्याचा डबा म्हणतो. ते आमच्या काळीले साबणाची वडी म्हणतात. पस्तीस-चाळिशीचे बाप्ये आमी, कोणी मास्तर, कोणी तलाठी, माहं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पण काळीले कोणी नाव ठेवलं का डोकं फिरलंच समजा. एका लग्नाच्या पंगतीत याच्यावरून ताटं सरकली होती, बोला!

दरसाल संक्रांतीनंतरच्या रविवारी मूर्तिजापूरले आमचा सामना. अमरावती अन् अकोल्याच्या मधात पडते म्हणून मूर्तिजापूर. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात टेबल जोडायचे, दोन्हीकडून एकेक जण बसायचा, समोरच्याच्या मशीनवर समोरच्याचा गेम खेळायचा. जो हरला त्याची मशीन कैदेत. वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी. नियम दोनच. कैद्याले उपाशी मारायचं नाई, म्हणजे महिन्यातून एकदा चार्ज करायचं, नाई तं बॅटरी फुगून मरते. अन् कैद्याच्या पोटात हात घालायचा नाई, म्हणजे आतला गेम उघडायचा नाई.

मागच्या वर्षी माह्यासमोर सहदेव बसला. सहदेव अकोटचा, घरचा फुलाचा मळा. माह्या लग्नातले सारे हार त्याच्या मळ्यातून आले, अन् एक रुपया घेतला नाई त्यानं. लहानपणापासून त्याले शुगर. जेवायच्या आधी माह्यासमोरच पोटात सुई टोचून घ्यायचा, अन् मंग म्हणायचा, "हं, वाढ." त्या दिवशी मात्र काय झालं होतं कोणास ठाऊक, गडी डाव्या बाजूचं काहीच मारून नाई राहिला. शत्रू डावीकडून येत अन् हा उजवीकडे पाहत बसे. आमी पोट धरून हसलो. "अबे, डब्यातला चष्मा तरी घाल!" मीच बोललो. तोही हसला. त्याची मशीन मी खिशात घातली अन् वाजत-गाजत अमरावतीले आणली.

जून महिन्यात त्याचा मेसेज आला.

"सुगत, डोळ्यात रक्त उतरलं म्हणतात. सोळा तारखेले नागपूरले ऑपरेशन हाये. नजर वाचली तं वाचली. त्याच्या आधी एकदा माहा मळा पाहू दे. मशीन नेत नाई, तुह्या दुकानात बसूनच पाहतो. दहा मिनिटं."

मळा म्हणजे त्या गेममधला. तो त्या मशीनवर एकच गेम खेळे, गाव वसवायचा. अकरा वर्षांपासून एकेक ठिपका भरून त्यानं आपला अकोटचा मळा त्याच्यात उभा केला होता. खरा मळा अर्धा विकला गेला, हा मात्र पुरा होता.

आता ऐका, मी काहून नाई म्हणलं. दोन वर्षांआधी त्यायच्याच श्रावणनं आमाले असंच फसवलं होतं. माय दवाखान्यात हाये, तिले मशीनमधले फोटो दाखवायचे म्हणून रडत आला, मशीन घेऊन गेला, अन् संध्याकाळी मशीनसमोर पेढे ठेवून फोटो टाकला, 'कैदी फरार!' माय घरी ठणठणीत. तेव्हापासून आमी ठरवलं होतं, अकोल्याच्या रडण्यावर जायचं नाई. दुधानं तोंड पोळलं होतं, आमी ताकही फुंकून पिऊन राहिलो होतो.

पण हे सांगाले बरं. खरं हे का मले मजा आली.

सहदेवचा मेसेज मी आमच्या अमरावतीवाल्यायच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'श्रावण भाग दोन.' हसून हसून मेले सारे. त्याचे दोन फोन आले, मी उचलले नाई. मंग एकच ओळ पाठवली, 'नियम म्हणजे नियम. जानेवारीत भेटू.' अन् अकोलेवाले सारेच्या सारे ब्लॉक केले.

पायल, माही बायको, म्हणाली, "सुगत, तो तसा माणूस नाई. दहा मिनिटानं तुहं काय जाते?"

"तुले नाई समजत यातलं."

"बरं झालं नाई समजत," ती म्हणाली, अन् दोन दिवस माह्यासंगं बोलली नाई.

बायको बोलत नाई, ग्रुपवर वाहवा होऊन राहिली, मले अजूनच चेव आला. मी कैद्याच्या पोटात हात घातला. गेम उघडला. खालच्या पडद्यावर पिवळ्याधम्मक झेंडूच्या ओळी, मधात विहीर. मी झेंडू उपटला. सारा. अन् त्या मोकळ्या जमिनीवर काळे दगड मांडून मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, 'काळी'. शेवटच्या वेलांटीत विहिरीपाशी बसलेली एक पिवळ्या लुगड्यातली बाई येत होती, तिलेही काढून टाकलं. मंग सेव्ह केलं. सेव्ह केलं का मागचं परत येत नाई, हे मले माहीत होतं. मूर्तिजापुरात सगळ्यायसमोर मशीन उघडून देऊ अन् याचं तोंड पाहू, असा बेत होता. महिन्याच्या महिन्याले चार्ज मात्र इमानदारीनं करत होतो.

जानेवारीत सहदेव आला तो बहिणीचा हात धरून. गीतांजली त्याची धाकटी बहीण. हॉटेलच्या पायरीपाशी ती म्हणाली, "दादा, पायरी," अन् त्यानं पाय उचलला. कोणी कोणाकडे पाहून नाई राहिलं.

"सुगत कुठी हाये?" सहदेवनं विचारलं.

"इथी हाये बे," मी म्हणलो.

तो समोर बसला. काळा चष्मा. मी मशीन त्याच्या हातात ठेवली. कोपऱ्याचा टवका उडाला होता तिथी त्याचा अंगठा बरोबर गेला. "हीच," म्हणाला. मशीन उघडली, चालू केली. गेमचं ते पिपाणीवानी गाणं वाजलं अन् त्याचं तोंड फुललं.

"चार्ज ठेवली तू. मले माहीत होतं." मंग मशीन आमच्या मधात टेबलावर उघडीच ठेवली. "मले सांग ना, काय काय दिसते. गीताले विचारलं असतं, पण तिले गेमातलं कळत नाई. झेंडू हाये ना?"

पडद्यावर काळे दगड होते. गीतांजली त्याच्या खांद्यामागून वाकून पाहत होती. तिनं वाचलं. मंग माह्याकडे पाहलं.

"हाये," मी म्हणलो. "सगळ्या ओळी हाये."

"अन् माय? विहिरीपाशी बसवली होती मी तिले. ती गेली त्या साली. लुगड्याचा पिवळा रंग जमाले दोन महिने लागले लेका. दिसते?"

त्याले दिसत असतं तं बरं झालं असतं, चार शिव्या तरी खाल्ल्या असत्या. गीतांजलीनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो दादा," ती म्हणाली. "बसली हाये माय. पिवळं लुगडं हाये."

सहदेवनं मान हलवली, मशीन मिटली अन् माह्या हातात परत दिली. "तुह्याजवळच राहू दे. मी ठेवून काय करू? तू चार्ज करजो, अन् मले फोनवर सांगत जाजो, मळा कसा हाये."

सामना झाला नाई. जाताना गीतांजली पायरीवर थांबली. भावाले ऐकू जाऊ नाई एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "मी भावासाठी खोटं बोलली. तुमी कोणासाठी बोलले?"

ग्रुप मी सोडला, सहदेवचा ब्लॉकही काढला. झेंडू परत लावून पाहला, पण ओळी कशा होत्या, माय कोणत्या बाजूनं तोंड करून बसली होती, हे फक्त सहदेवले माहीत, अन् त्याले विचारणार कोणत्या तोंडानं? एक बाई ठिपके भरून बनवून पाहली. तिचं लुगडं हळदीसारखं झालं, चेहरा कोणाचाच नाई. तिलेही पुसलं.

दर महिन्याच्या एक तारखेले त्याचा फोन येते. "चार्ज केली का?"

"केली."

"माय हाये ना रे विहिरीपाशी?"

मी मशीन उघडून समोर धरतो. विहीर हाये, बाजूले कोणीच नाई.

"हाये ना बे," मी म्हणतो. "बसून हाये."