मोटरबोटीचा पाय

आमच्या ह्यांचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात फिरायला एक जुनी मोटरबोट घेतली. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी तिच्यात एकदाही पाय ठेवला नाही. हे मात्र दर रविवारी जायचे आणि घरी येऊन भर पाण्यातल्या गप्पा हाणायचे. मी ऐकून घ्यायची. ऐकायला काय जातं?

यंदा बोट बिघडली. इंजिन आत धडधाकट, पण त्याचा जोर पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचवणारा मागचा पाय निकामी झाला. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. नवा निवडायला हे जवळच्या शहापूरला निघाले, तर मलाही ओढून नेलं. "शोभा, तुले आवडन तोच घेऊ," म्हणाले. ही लाडीगोडी मला बोटीत बसवण्यासाठी होती, हे न कळायला मी काही कालची नवरी नाही.

तिथे बोटी दुरुस्त करणाऱ्या मनिष मिस्त्रीने दोन पाय मांडून ठेवले होते, एक एका पंख्याचा, दुसरा दोन पंख्यांचा. ह्यांनी गिऱ्हाईक पाण्याचा पितळी गुंड पारखतं तशी दोन्हींवर टिचकी मारली.

"हा एका पंख्याचा खणखणीत वाजते."

"काका, भांडं नाई घेऊन राहिले तुमी," मनिष म्हणाला. "जुन्या पायावर पूर्ण जोरात इंजिन मिनिटाले किती फेरे घेत होतं, ते सांगा. त्याच्यावर नवा ठरते."

गिऱ्हाइकापुढे कधी न अडखळणारा माणूस नुसता डोकं खाजवत राहिला.

"सांगा ना," मी म्हटलं. "दर रविवारी धरण पालथं घालता."

"पूर्ण जोरात कधी नेलीच नाई. काठाकाठानंच फिरवतो."

"काहून? भेव लागते?"

"भेव नाई. जरा पाण्याच्या मधात गेलो का वाटते, हे शोभानं पाह्यलं पाह्यजे होतं. मंग एकट्याले पुढं जावंसं नाई वाटत."

मला आधी राग आला. दोन वर्षं थापा, त्याही मला. मग भरून आलं, आणि मनिषसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी त्यालाच विचारलं, "घरी नीट परत आणणारा कोणता?"

"दोन पंख्यांचा, काकू. मागं घेतानीही सरळ राह्यते. फेऱ्यांचं असू द्या, इंजिन पाहून गियर जमवतो."

"मंग तोच बसव. अन् माझ्या मापाचं लाइफ जॅकेट पाह्य."

"तू बसशील?" ह्यांनी हळूच विचारलं.

"बसीन. पण मधात नेजा. काठ त मले चालतही पाहता येते."