विहीणबाईंचा खोकला

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला चष्मेवाले साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे आणि कपाटातून एक रेकॉर्ड काढायचे. एकच. तिचीही एकच बाजू. दुसरी बाजू पुढच्या रविवारी. दोन्ही बाजू एका बैठकीत ऐकणारा माणूस पानावरून उठून लगेच दुसऱ्या पानावर बसतो, असं त्यांचं मत होतं.

मतं त्यांच्याकडे भरपूर होती. आठवड्याचे सहा दिवस ते आपल्या चष्म्याच्या दुकानात "आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" असं गिऱ्हाइकांना विचारत आणि त्यांच्या मताप्रमाणे काच बदलत. सातव्या दिवशी स्वतःच्या मतांची थकबाकी वसूल करत. जॅझच्या साडेसहाशे रेकॉर्डी होत्या आणि प्रत्येकीच्या कव्हरात त्यांच्या बारीक अक्षरातलं एक कार्ड होतं. 'पियानोवाल्याचा डावा हात रजेवर.' 'सॅक्सोफोन उत्तम, पण बोलायला लागला की दुसऱ्याला बोलू देत नाही.' 'ड्रमवाला सासऱ्यासमोर बसल्यासारखा वाजवतो.' जुन्या रेकॉर्डी साफसूफ करून नव्याने काढतात त्यांना ते 'इस्त्रीचा माल' म्हणत. आवाज डावा-उजवा वेगळा करणाऱ्या रेकॉर्डींबद्दल तर बोलूच नये. एकत्र कुटुंबात भिंत घातल्यासारखं वाटतं, एवढंच ते म्हणत आणि गप्प होत.

ऐकण्याची खुर्ची कुठे ठेवायची ते त्यांनी फरशीवर खडूने आखलं होतं. बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दर आठवड्याला फरशी पुसताना ती खुणा पुसायची, आणि ते पुन्हा आखायचे. या विषयावर दोघांत कधी भांडण झालं नाही. बोलणंही झालं नाही.

साडेसहाशेंतली त्यांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड कुठल्या नावाजलेल्या मंडळींची नव्हती. पाच जणांचा एक फिरता बँड, कुठल्याशा टाऊन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम, तिथल्या रेडिओवाल्यांनी केलेलं ध्वनिमुद्रण. चारेकशे प्रती निघाल्या असतील. चष्मेवाल्यांना ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात, एका स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली सापडली होती. तिच्या दुसऱ्या बाजूला एक संथ रचना होती. ट्रम्पेट एकटंच सुरू होतं, हलक्या पावलांनी वर चढतं, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर थांबतं. पूर्ण शांतता. आणि त्या शांततेत कोणीतरी खोकतं.

साधंसुधं नाही. खोकला ड्रमपेक्षा मोठा ऐकू येई. त्या कार्डावर लिहिलं होतं : 'खोकल्यामुळे वादक बिचकला. पुढचे तीन सूर भरकटले. मग सावरला. शेवटची दोन मिनिटं अप्रतिम.' आणि खाली वेगळ्या शाईत : 'खोकणाऱ्याला घरी बसवायला हवं होतं.' ही शाई पाच-सहा वेळा गिरवलेली होती.

पुढे पुढे त्यांनी एक युक्ती काढली. ट्रम्पेट वरच्या पायरीवर पोचलं, की उजव्या हाताने आवाजाचं बटण शून्यावर आणायचं, मनात चार मोजायचे आणि पुन्हा वाढवायचं. हात इतका बसला की डोळे मिटूनही जमायचं. खोकणाऱ्या माणसाचं एक चित्रही त्यांच्या मनात तयार झालं होतं : जाड मानेचा, फुकट पासावर आलेला, शेजारच्याच्या खुर्चीवर कोपर टाकून बसलेला.

त्या वर्षी त्यांच्या लेकीने लग्न ठरवलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती काम करायची, मुलगाही तिथलाच. त्याला वडील नव्हते, आई होती. सव्वीस वर्षं शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून नोकरी करून नुकतीच निवृत्त झालेली. दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून लेकीने तिला जेवायला बोलावलं, रविवारी साडेअकराला.

"बाबा, तुझं दहाचं साडेदहाला आटपेल ना?" लेकीने विचारलं.

"आटपेल."

"आणि त्या आल्यावर रेकॉर्डींबद्दल काही बोलायचं नाही. मागच्या वेळी माझ्या मैत्रिणीला तू पाऊण तास सुईबद्दल सांगत होतास."

"तिनेच विचारलं होतं."

"तिने वेळ विचारली होती, बाबा."

होणाऱ्या विहीणबाई साडेअकराच्या ठोक्याला दारात हजर झाल्या. उंच, ताठ, केस आखूड कापलेले, आणि आवाज असा की मागच्या दारापर्यंत पोचावा. मुलगा मागून पिशवी घेऊन आला. पाणी झालं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. चष्मेवाले शहाण्यासारखे बसून होते. फक्त त्यांनी सकाळी ऐकलेली रेकॉर्ड आत ठेवायची राहिली होती. कव्हर प्लेअरला टेकून उभं होतं.

विहीणबाईंची नजर त्यावर गेली. त्या उठल्या, जवळ जाऊन वाकून पाहू लागल्या.

"अगं बाई, हा तर आमचा टाऊन हॉल," त्या म्हणाल्या. "या पायऱ्यांवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता."

चष्मेवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. आपण काही बोललो नाही, असा तो चेहरा होता.

"तुम्ही त्या गावच्या?" त्यांनी जपून विचारलं.

"तिथलीच. विशीत होते तेव्हा या हॉलमध्ये तिकिटं फाडायला होते. हा बँड आला होता तेव्हाही. मी आहे या रेकॉर्डमध्ये."

"गायलात?"

"छे. खोकले."

चष्मेवाले उठले, "पाणी आणतो" म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. पाणी टेबलावर होतंच. बायको त्यांच्या मागोमाग आली.

"अहो, चेहरा सरळ करा."

"अठ्ठावीस वर्षं," ते हळू आवाजात म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी या बाईला शिव्या देतोय."

"मग आता दोन घास वाढा. आणि कार्ड लपवा आधी."

पण त्यांच्या मनात शंका आली होती. टाऊन हॉलमध्ये त्या दिवशी शे-दोनशे माणसं असतील, आणि खोकला काय कोणीही आपला म्हणेल. बाहेर येऊन ते समोर बसले आणि दुकानात विचारतात त्याच शांत सुरात त्यांनी विचारलं, "खोकण्याच्या आधी तुम्ही काय केलंत, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? चार दिवस सर्दीने बेजार होते. आमच्या साहेबांनी सांगितलं, शेवटच्या रांगेत कडेला बस, आणि आवाज करू नकोस. नेमका त्या रेडिओवाल्यांनी माईक गॅलरीतून खाली सोडलेला, माझ्या डोक्यावर. खोकला दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं. शेवटी म्हटलं बाहेर पळावं, म्हणून खुर्ची मागे सारली, आणि तेवढ्यात तो ट्रम्पेटवाला थांबला. आता तो थांबेल हे मला काय ठाऊक?"

चष्मेवाले हलले. खोकल्याच्या आधी खुर्ची सरकल्याचा बारीक आवाज होता खरा. कानाला हेडफोन लावल्याशिवाय तो ऐकू येत नसे, आणि पियानोवाल्याचं स्टूल सरकलं असेल असं ते धरून चालले होते. कार्डावरही त्यांनी ते लिहिलं नव्हतं. आणि खोकला ड्रमपेक्षा मोठा का, याचंही उत्तर माईकच्या रूपाने आताच मिळालं होतं.

"बिचारा बिचकला असेल," ते म्हणाले. आवाजात थोडी तक्रार उरली होती.

"कोण, तो? अहो, त्याने ट्रम्पेट खाली घेतलं, सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं, एक भुवई वर केली आणि माझा खोकला वाजवून दाखवला. लोक हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आणि मग तो पुढे तेच वाजवत राहिला. घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात तेच."

"तेच म्हणजे?"

"लावा ना," विहीणबाई म्हणाल्या. "नाहीतरी जेवायला वेळ आहे."

चष्मेवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान डोलावली. आज त्या बाजूची पाळी नव्हती, ती पुढच्या रविवारी होती. तरी त्यांनी हात धुतले आणि रेकॉर्ड उलटी लावली. खडूच्या खुणांवरची खुर्ची त्यांनी विहीणबाईंना दिली. बायकोने हे पाहिलं आणि हातातला डाव ओट्यावर ठेवून दारात उभी राहिली.

ट्रम्पेट सुरू झालं. चढत गेलं. चष्मेवाल्यांचा उजवा हात आपोआप बटणाकडे निघाला. त्यांनी तो डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

ट्रम्पेट थांबलं. खुर्ची सरकली. आणि खोकला आला : दोन आखूड, एक लांब, खाली घसरत जाणारा. मग क्षणभर काही नाही, आणि ट्रम्पेटचे तीन सूर. दोन आखूड, एक लांब, खाली घसरत जाणारा. मागे एक बारीक खसखस. ती रेकॉर्डची खरखर असं ते समजत आले होते. ती माणसं हसत होती.

मग ट्रम्पेटने तेच तीन सूर पुन्हा घेतले, जरा वरून. पुन्हा, उलटे. बासवाल्याने ते खालून उचलले. पियानोने एकदा हळूच म्हणून पाहिले. शेवटची दोन मिनिटं, ज्यांच्यासाठी चष्मेवाल्यांनी या रेकॉर्डला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त जीव लावला होता, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या खोकल्याचीच होती. बटण फिरवून ते दर वेळी आरंभच गाळत होते आणि मग हे सगळं याला सुचलं कुठून, याचं नवल करत बसत होते.

सुई कडेला गेली. त्यांनी ती उचलली नाही. बायकोने येऊन उचलली, आणि तिने ते काम जन्मात पहिल्यांदाच केलं.

"तुमची माफी मागायला हवी," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी कार्ड काढून विहीणबाईंच्या हातात दिलं. लेक पुढे झाली, पण उशीर झाला होता. विहीणबाईंनी चष्मा वर सरकवून ते नीट वाचलं, गिरवलेली ओळही वाचली, आणि मोठ्याने हसल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "गाडी चालवताना मला रविवारी सकाळी उचक्या लागायच्या."

जेवण दीड वाजता झालं. पानं वाढेपर्यंत दोघांचं एका गोष्टीवरून वाजलंही होतं. विहीणबाईंच्या मते त्या बँडचा ड्रमवाला घाई करत होता. "प्रत्येक थांब्यावर अर्धं मिनिट आधी पोचतो," त्या म्हणाल्या, "आणि मग तिथे उगीच इंजिन चालू ठेवून उभा राहतो."

"त्याला ताल पुढे ओढणं म्हणतात," चष्मेवाले म्हणाले.

"आमच्या डेपोत त्याला मेमो म्हणतात."

दोन महिन्यांनी लग्न नोंदवलं गेलं. त्यानंतरच्या रविवारी विहीणबाई दहाला पाच कमी असताना आल्या, हात धुतले आणि बसल्या. कोणी बोलावलं नव्हतं, आणि कोणाला नवल वाटलं नाही. चष्मेवाल्यांनी दुसऱ्या खुर्चीसाठी खुणा आखल्या. बायकोने फरशी पुसताना खुणांचे आठ कोपरे सोडून पुसायला सुरुवात केली. आठाचे सोळा कोपरे झाले तर बघू, म्हणाली. रेकॉर्डींच्या कार्डांवर मधोमध एक रेघ आली. डावीकडे बारीक अक्षरं, उजवीकडे मोठी. एकवाक्यता फार क्वचित व्हायची. झालीच तर दोघंही जरा हिरमुसायचे.

सव्वादहाच्या सुमाराला एकदा लेक आणि जावई आले. लेकीने आपल्या किल्लीने दार उघडलं. आत चष्मेवाले आणि विहीणबाई शेजारी शेजारी डोळे मिटून बसले होते आणि सॅक्सोफोन कुठल्याशा लांबच्या वळणावर होता. लेकीच्या आईने ओठांवर बोट ठेवून दोघांना भिंतीशी सतरंजीवर बसायची खूण केली. ती बसली. जावयाने पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढला, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला.

बाजू संपली. चष्मेवाल्यांनी सुई उचलली.

"हं," दोघं एकदमच म्हणाले, आणि दोघांनी एकाच पेन्सिलीकडे हात नेला.