सरूबाईंचे स्वतःचे छप्पर

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. घरगाडी म्हणजे चाकांवरचे घर. माझ्या पोटात एक घडीचा पलंग, एक शेगडी, एक छोटी मोरी आणि भांड्यांचे कपाट आहे. माझे छप्पर वर उचलता येते आणि त्याच्या चारी बाजू जाड कापडाच्या आहेत. हे सगळे एवढ्याशा अंगात बसवल्यामुळे माझ्यात शिरणारा प्रत्येक माणूस आधी डोके आपटून घेतो आणि मग माझे कौतुक करतो. हा क्रम आजवर कधी चुकलेला नाही.

मला शहरातल्या एका पर्यटन कंपनीने बनवून घेतले. वेरूळ-अजिंठा पाहायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी हॉटेलाऐवजी माझ्यातच राहावे, अशी त्या मालकाची कल्पना होती. काय ते दिवस होते! पाहुणे माझ्या शेगडीवर अंडी उकडत आणि त्या अंड्यांपेक्षा माझेच फोटो जास्त काढत. पुढे कंपनी बंद पडली. लोकांनी माझ्या डोक्यावरची कंपनीची पाटी उचकटून नेली आणि मला एका गोदामामागे लिंबाच्या झाडाखाली उभे केले. तिथे कोंबड्यांनी माझ्या मोरीत अंडी घातली. अंड्यांशी माझे नाते तुटले नाही, एवढेच समाधान. उंदरांनी गादी नेली, पावसाने तळाचे लाकूड कुजवले, आणि मी चारही टायरांवर बसकण मारली.

अशा अवस्थेत मला पुंजाराम भेटले. वाळूजच्या कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि बजाजनगरात राहत होते. माणूस मोठा हौशी. कुठलीही वस्तू दिसली की ती उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. परत जोडण्याची हौस मात्र नव्हती. त्यांच्या घरी मिक्सर उघडा होता, रेडिओ उघडा होता, भिंतीवरचे घड्याळ तीन थाळ्यांत मांडून ठेवलेले होते. त्यांच्या पत्नी सरूबाई मेथी निवडायला बसल्या, की परातीतून काड्यांबरोबर स्प्रिंगाही निवडत.

पुंजारामांनी मला ट्रॅक्टरला बांधून घरी आणले. सरूबाई दारात आल्या.

"आवो, हे काय आणलंत? आधीचं कबाड कमी व्हतं का?"

"कबाड नाय, घर हाय."

"घर हाय की आपल्याला."

"हे चालतं."

"कुठं चालतं? दोरीनं वढून तर आणलं!"

पुंजारामांनी मला दुसऱ्याच दिवशी उघडले. माझे इंजिन पोत्यावर आले, सीटा गच्चीवर गेल्या, आणि तळाची कुजकी फळी निघाल्यावर माझ्या पोटातून खालचे गवत दिसू लागले. मग ते थांबले. कितीतरी महिने मी तशीच पोट उघडे टाकून उभी होते. मित्रांनो, दवाखान्यात भूल द्यावी आणि डॉक्टरने जेवायला निघून जावे, तशी माझी गत झाली होती.

एक दिवस सोयगावहून फोन आला. सरूबाईंची थोरली बहीण मनकर्णाबाई अंगणात घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मुलगा परगावी, घरात दुसरे कोणी नाही. सरूबाईंनी फोन ठेवला आणि त्या घरभर नुसत्या फिरू लागल्या.

आता यात अडचण अशी, की या दोघी बहिणींचा अबोला होता. मनकर्णाबाईंच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सरूबाई म्हणाल्या होत्या, "अक्का, सैपाकाचा वटा लई खाली बांधलाय, कंबर धरंल." त्यावर मनकर्णाबाई साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या बजाजनगरच्या खोलीपेक्षा बरा हाय. तिथं कूस बदलायची तर शेजारणीला इचारावं लागतं." सगळे हसले. सरूबाईंनी ताट सरकवले आणि म्हणाल्या, "पुन्हा तुझ्या छपराखाली पाय ठेवला तर सांग." तेव्हापासून त्यांनी खरेच पाय ठेवला नव्हता.

"तिला भाकर कोण थापून देत असंल?" सरूबाई म्हणाल्या.

"मग जा की," पुंजाराम म्हणाले.

"कसं जाऊ? बोलून बसलेय ना मी!" असे म्हणत त्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिले. "ह्या गाडीला छप्पर हाय ना?"

"हाय."

"कुणाचं म्हणायचं ते?"

"आपलंच."

"मंग उभी करा तिला. अन् आता नुसतं उघडू नका, मिटवा!"

पुंजारामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उघडलेली वस्तू मिटवायची म्हणजे काय, हे त्यांना नव्याने शिकायचे होते. त्यांनी आपले जुने मित्र गयासभाई यांना बोलावले. गयासभाई सिटी चौकात मोटारींच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवत. ते आले, त्यांनी डोके आपटून घेतले, माझे कौतुक केले, आणि म्हणाले, "पुंजारामभाई, काम करतो मी. पण एक शर्त हाय. जो स्क्रू तुमी खोलोगे, वो तुमीच लगाना."

मग मात्र कामाला वेग आला. इंजिन आणि सीटा परत जागेवर गेल्या, कुजकी फळी गेली, नवी बसली, आणि खालच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून लाल रंग लागला. गयासभाईंनी माझ्या छपराचे फाटके कापड मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवले. ब्रेकमधली हवा काढायच्या वेळी सरूबाईंना ब्रेक दाबायला ड्रायव्हरच्या जागी बसवले. पुंजाराम चाकाखालून ओरडत, "दाब! धरून ठेव! आता सोड!"

"लग्नापासून पैल्यांदा तुमी म्हणाल तसं करतेय," सरूबाई वरून म्हणाल्या. "नीट बघून घ्या, पुन्हा व्हायचं नाय!"

सगळ्यात छळले ते छपराच्या गळतीने. पलंगाच्या बरोबर वर पाणी टपकत असे. पुंजारामांनी तिथे डांबर लावले, त्यावर चिकटपट्टी, त्यावर पुन्हा डांबर. पाणी टपकतच राहिले. शेवटी सरूबाई आत पलंगावर आडव्या झाल्या आणि पुंजाराम शिडीवरून माझ्या डोक्यावर बादल्या ओतू लागले.

"आलं का?"

"आलं."

"कुठून?"

"नाकावर आलं, कुठून ते काय सांगू!"

पण सरूबाई उठल्या नाहीत. टॉर्च धरून त्यांनी थेंबाचा माग काढला. थेंब पलंगावर पडत होता, पण येत होता पार पुढून. आतल्या पत्र्यावरून सरपटत तो मागे यायचा आणि मग पडायचा. पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर, कंपनीची पाटी उचकटलेल्या जागी स्क्रूंची भोके तशीच राहिली होती! जुने डांबर खरवडले, जागा पेट्रोलने पुसली, रबराचे वॉशर घालून नवे स्क्रू आवळले. पुन्हा बादल्या ओतल्या. नखशिखान्त भिजलेल्या सरूबाई आत कोरड्या छपराकडे पाहत बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मित्रांनो, परदेशी पाहुण्यांनी केलेल्या कौतुकापेक्षा ते हसू मला जास्त आवडले.

आम्ही सोयगावला निघालो. फुलंब्रीला चहासाठी थांबलो, तर लोकांना मी फिरता दवाखाना वाटले. एक आजोबा थेट आत शिरले, डोके आपटून पलंगावर बसले आणि म्हणाले, "बाई, कंबर लई दुखती." सरूबाईंनी त्यांना बाम चोळायला दिला. त्यांच्यामागे दोघे रांगेत उभे राहिलेले पाहून पुंजारामांनी घाईने गाडी सुरू केली.

अजिंठ्याच्या घाटात माझी खरी परीक्षा होती. ब्रेक धरतील की नाही, या विचाराने माझ्या चाकांना घाम फुटला. पुंजाराम खालच्या गिअरमध्ये जपून उतरत होते. ब्रेकनी इमान राखले. कपाटाच्या कडीने मात्र राखले नाही. एका वळणावर कपाट उघडले आणि तुरीच्या डाळीचा डबा सरूबाईंच्या मांडीत रिकामा झाला.

"त्या कडीचा स्क्रू आवळायचा राहिला वाटतं," पुंजाराम पुढे पाहत पुटपुटले.

सोयगावात मी मनकर्णाबाईंच्या अंगणात उभी राहिले. मनकर्णाबाई ओट्यावर आल्या, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. बहिणी एकमेकींकडे पाहत राहिल्या. बोलल्या मात्र पुंजारामांशी.

"हे काय, हातपाय धुवायला आत नाय येणार का ती?"

"सांगा तिला, माझ्या घरात मोरी हाय," सरूबाई माझ्यातून म्हणाल्या.

असा संसार सुरू झाला. माझ्या शेगडीवर स्वयंपाक होई आणि पुंजाराम ताट ओट्यावर नेऊन देत. तिकडून निरोप येई, "सांगा, मीठ कमी हाय." इकडून जाई, "सांगा, डाक्टरनं कमीच सांगितलंय." पुंजाराम बिचारे दोन्ही छपरांच्या मध्ये चालून चालून थकले.

मग एका सकाळी मनकर्णाबाई हातात फणी घेऊन अंगणात आल्या. एका हाताने वेणी घालता येत नव्हती. त्या माझ्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसल्या. पायरी कोणाच्याच छपराखाली नव्हती. सरूबाईंनी आतून फणी घेतली.

"लई पांढरे झाले गं तुझे, अक्का."

"तू कामून एवढी वर्सं आली नाय?"

 सरूबाईंनी घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली.

तरी आत जाण्याची गोष्ट राहिलीच होती. ती पुंजारामांनी मार्गी लावली, अर्थात न ठरवता. मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. पुंजारामांनी तो पाहिला आणि वरच्या टाकीचे पाणी बंद न करताच उघडला. पाण्याचा फवारा थेट आढ्याला लागला.

"सरूऽऽ! पाना आण!"

सरूबाई माझ्यातून उडी मारूनच निघाल्या. नवऱ्याला बाजूला सारून त्यांनी नळाच्या तोंडावर तळहात दाबला. दारातून मनकर्णाबाई ओरडत होत्या, "कॉक मागं हाय, माठाच्या मागं!" पुंजारामांनी आधी माठ फोडला, मग कॉक बंद केला.

घर शांत झाले. घोट्यापर्यंतच्या पाण्यात तिघे उभे.

"सरू," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "तू आत आलीस."

सरूबाईंनी खाली पाहिले. थोडा विचार केला. "पाण्यात उभी हाय मी. तुझ्या फरशीवर नाय."

मनकर्णाबाई इतक्या हसल्या, की प्लास्टरचा हात दुखू लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मंग चहा पिऊन जा. पाणी वसरायच्या आत."

त्या दिवशी चहा झाला, जेवण झाले, आणि पाणी केव्हा ओसरले हे कोणी पाहिले नाही.

मित्रांनो, आता मी बरीच म्हातारी झाले आहे. दर रविवारी पुंजाराम माझे इंजिन सुरू करतात, पाणी आणि तेल पाहतात, रबरांना पावडर लावतात. गयासभाई अधूनमधून शिवण तपासून जातात. एवढे केले की मी वर्षातून दोन-तीनदा सोयगावची वाट आनंदाने धरते. परतताना मनकर्णाबाईही बजाजनगरला राहायला येतात, पुढच्या सीटवर बसतात आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर दोघी बहिणी फुलंब्रीपर्यंत भांडतात.

तुमच्याही अंगणात एखादी जुनी गाडी, सायकल किंवा शिवणयंत्र धूळ खात असेल. ते सावलीत उभे करून ठेवलेत म्हणजे जपलेत, असे समजू नका. मीही लिंबाच्या सावलीतच होते आणि कुजत होते. आम्हाला तेल लागते, पाना लागतो, आवळलेला स्क्रू लागतो. पण सगळ्यात जास्त लागते ते कुणीतरी दार उघडून आत बसणे आणि विचारणे, "चल, कुठं जायचं?"

आत बसताना डोके मात्र सांभाळा.