सतरा नंबरच्या वायरीचा सूड

त्या दवाखान्यात सगळं एकाच नेटवर्कवर चालायचं. पेशंटचे रिपोर्ट, ऑफिसचे कॉम्प्युटर आणि बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचे मोबाइलसुद्धा! हे वेगळं करा, असा अर्ज नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंनी दोनदा दिला. दवाखान्याचे प्रमुख म्हणजे मेंदूचे मोठे डॉक्टर. त्यांनी दोन्ही वेळा तो हसून फेटाळला. मग व्हायचं तेच झालं. कुणाच्या तरी मोबाइलमधून व्हायरस शिरला, दोन दिवस रिपोर्ट अडकले आणि डॉक्टर भर मीटिंगमध्ये म्हणाले, "हा सगळा या बाईंचा हलगर्जीपणा!" चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

त्यानंतर कुठे परवानगी मिळाली. बाईंनी व्हीलॅन केले. म्हणजे वायरी त्याच, पण घरात खोल्या पाडाव्यात तसे नेटवर्कचे तीन भाग: वॉर्ड, ऑफिस आणि पाहुणे. एकातून दुसऱ्यात शिरायची सोय नाही. आणि डॉक्टरांच्या केबिनची सतरा नंबरची वायर त्यांनी मुद्दाम पाहुण्यांत टाकली. भोगा आता! रिपोर्ट उघडत नाहीत म्हणून तीन दिवस डॉक्टर फोनवर ओरडत होते आणि बाई गोड आवाजात म्हणत होत्या, "बघते हं, सर." त्या तीन दिवसांत त्यांना घासन् घास गोड लागला, खोटं कशाला बोला!

चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुख, धापा टाकत आल्या. "अगं, जिन्यावरून पडलेली मुलगी आलीय. तिचा स्कॅन सरांच्या केबिनमध्ये उघडतच नाहीये! ऑपरेशन खोळंबलंय."

बाई कॉम्प्युटरकडे धावल्या. सतरा नंबरची वायर वॉर्डच्या भागात टाकायला अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यात मेट्रनना कळायचं ते कळलं.

"तू केलंस हे?"

"त्यांनी माझी अब्रू काढली, मेट्रन! सगळ्यांसमोर!"

"काढलीच. मी तिथे होते आणि गप्प बसले, ही माझी चूक. पण वचपा काढायचा तर त्यांच्या तोंडावर काढ ना! त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

मुलगी वाचली. पुढच्या मीटिंगमध्ये बाई आपणहून उभ्या राहिल्या. "सरांची वायर मी मुद्दाम पाहुण्यांत टाकली होती. त्याची शिक्षा द्या. आणि माझे दोन अर्ज सरांनी फेटाळले होते, तेही लिहून घ्या!"

डॉक्टर लालबुंद झाले. या वेळी मेट्रन गप्प बसल्या नाहीत. "दोन्ही लिहा," त्या म्हणाल्या. बाईंना महिनाभर घरी बसवलं, पण डॉक्टरांनाही मान खाली घालून चूक कबूल करावी लागली.

वाचकहो, अन्यायाचा जाब विचारायचाच, अगदी सोडायचं नाही! पण चारचौघांत, स्वतःच्या नावानं. लपून मारलेला दगड कुणाच्या डोक्यात बसेल, हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.